पडक्या महादेवांचं व्रत

पालमच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान असलेल्या शिवकांतच्या घरात बाईमाणसानं उंबरा ओलांडायला चार कारणं चालत. लग्न, मयत, दवाखाना आणि देव. पाचवं कारण कुणी काढलंच तर शिवकांतची आई मल्लम्मा ते शांतपणे ऐकून घेई, मान डोलावी आणि विचारी, "मग सैपाकाचं काय?" ह्या प्रश्नाचं उत्तर त्या घरात आजवर कुणाला सापडलेलं नव्हतं.

शिवकांतची बायको रुद्राणी लग्न होऊन आल्यापासून ह्या चार कारणांवर निभावून नेत होती. तिच्याबद्दल तक्रार करावी असं काही नव्हतं आणि कौतुक करावं असंही कुणाला सुचलेलं नव्हतं. तिनं सासऱ्याचं लांबलेलं आजारपण काढलं, लेकीचं, अर्पिताचं, लग्न लावून तिला पुण्याला धाडलं, सासूच्या गुडघ्यांना रोज सकाळी तेल लावलं. खाली दुकानात लग्नाची भांडी घ्यायला बायका आल्या की शिवकांत तिला हाक मारी, कारण ताटाची जाडी बाईच्या तोंडून ऐकली की बायकांचा विश्वास बसतो असा त्याचा अनुभव होता. गिऱ्हाईक गेलं की ती पुन्हा वर. दुकान ते स्वयंपाकघर ह्यामधल्या जिन्यावर तिचा जेवढा प्रवास झाला, तेवढा सरळ रस्त्यानं केला असता तर ती काशीला जाऊन आली असती.

मग एका उन्हाळ्यात ताडकळसहून येताना एसटीचा टायर फुटला.

रुद्राणी चुलतबहिणीच्या लेकाचं लग्न आटपून परत येत होती. पहिलं, मान्य कारण. कंडक्टरनं सगळ्यांना खाली उतरवलं. रस्त्याकडच्या लिंबाची सावली पहिल्या दहा माणसांत संपली, म्हणून ती बांधावरून थोडं आत गेली. तिथं एक बिनशिखराचं दगडी देऊळ होतं. गाभाऱ्यात वटवाघळांचा वास होता. ती मागच्या बाजूला आली, जिथं भिंतीची सावली पडली होती, आणि समोर बघितलं तर भिंतीवर एक बाई.

दगडाची बाई. एका हातात आरसा, दुसरा हात भांगावर. नाक कुणीतरी फोडलेलं, पण पायातले पैंजण शाबूत. मान किंचित कललेली, आपण बऱ्या दिसतोय असं मनाशी पक्कं झाल्यावर कलते तशी.

रुद्राणी पदरानं तोंड पुसत तिच्यासमोर बसली.

"आठशे वर्षं तरी झाली असतील," मागून आवाज आला. ही धम्मशीला. पालमच्या शाळेत शिक्षिका. रुद्राणी तिला तोंडओळखीनं ओळखत होती. मागच्या दिवाळीत ती एक गळकं पातेलं बदलून घ्यायला दुकानात आली होती, आणि शिवकांतशी आवाज न चढवता इतका वेळ भांडली होती की शेवटी त्यानं पातेलं बदलून वर झाकण फुकट दिलं होतं. दुकानाच्या इतिहासात असं दुसऱ्यांदा घडलं नाही.

"आठशे वर्षं हेच करायली का ही?" रुद्राणीनं विचारलं.

"हेच."

"आन् कुणी हाक मारली न्हाई तिला?"

धम्मशीला हसली. "आपल्या जिल्ह्यात अशा लय बाया आहेत. निम्म्या देवळांकडं कुत्रंबी फिरकत न्हाई. मी रविवारी जाते कधी कधी."

"कुणासोबत?"

"स्कुटीसोबत."

कोरीवकाम, काळ, घराणं हे सगळं रुद्राणीला पुढं कळलं. त्या दुपारी तिला एवढंच दिसलं की एक बाई आठशे वर्षं आरशात बघत उभी आहे आणि कुकरच्या शिट्ट्या मोज असं तिला कुणी सांगितलेलं नाही. बस सुरू झाल्यावर कंडक्टरला तिला दोनदा हाक मारावी लागली.

घरी आल्यावर तिनं चारपाच दिवस जाऊ दिले. मग रात्रीच्या जेवणात, शिवकांतच्या ताटात दुसरी भाकरी पडल्यावर, म्हणजे त्याचा राग सर्वांत कमी असतो तेव्हा, तिनं विषय काढला.

"रविवारी जरा जाऊन येऊ म्हणते. धोंडपिंपरीला."

"तिथं कोण हाय आपलं?"

"कुणी न्हाई. जुनं देऊळ हाय म्हणं."

"बरं. काय हाय त्या देवळात?"

"देऊळच हाय."

"ते कळलं गं. पर जायचंय कशाला?"

"बघायला."

शिवकांतनं घास थांबवून तिच्याकडं पाहिलं. "बघायला? काय शौक म्हणून?"

तो शब्द ताटाच्या मधोमध पडला आणि रुद्राणीला कळलं की काम बिघडलं. शौक शिवकांतला होता. तो दर वर्षी मित्रांबरोबर भांड्यांच्या प्रदर्शनाला गोव्याला जाई. गोव्यात भांड्यांचं प्रदर्शन भरतं का हे रुद्राणीनं कधी विचारलं नव्हतं, आणि तिथून त्यानं कधी एक चमचाही आणला नव्हता. शौक असलेल्या पुरुषाला लोक दिलदार म्हणतात. शौक असलेल्या बाईला काय म्हणतात ते लोक तिच्यासमोर म्हणत नाहीत. बाईला असतं ते व्रत.

हे तिला रात्रभर पडल्यापडल्या उमगलं. सकाळी सासूच्या गुडघ्याला तेल लावताना ती खाली मान घालून म्हणाली, "आत्याबाई, अर्पिताचं लग्न जुळत नव्हतं ना, तवा मी एक बोलले होते देवाला. ऱ्हाऊनच गेलं."

मल्लम्मा ताठ बसली. देवाची उधारी हा तिच्या हद्दीतला विषय होता. "काय बोललीस?"

"पडक्या महादेवांच्या दर्शनाला जाईन म्हणाले."

"पडक्याच कामून? चांगल्या महादेवांनी काय घोडं मारलं?"

"चांगल्याकडं समदेच जातेत. पडक्याकडं कोण जातंय?"

मल्लम्माला हे पटलं, पण पटलं म्हणून सोडून देणारी ती नव्हती. "आपण गळ्यात लिंग बांधणारी माणसं. जलमल्यापासून महादेव उरावर हाय. त्याला घेऊन दुसऱ्या महादेवाला भेटाया जायचं?"

ह्यावर खरंतर उत्तर नव्हतं. मोठमोठ्या स्वामींना हा प्रश्न विचारला तरी ते पाणी मागवतील. रुद्राणीचा हात गुडघ्यावर थांबला. "त्यालाबी कवातरी भायेर जावं वाटत असंल," ती म्हणाली.

मल्लम्मानं पदराखालच्या लिंगावर हात ठेवला. मग म्हणाली, "किती?"

"काय किती?"

"किती महादेव बोललीस? बिनआकड्याचं व्रत नसतं."

"अकरा," रुद्राणी म्हणाली.

एकशे आठ म्हणायची अक्कल तिला दुपारी भांडी घासताना सुचली. पण तोवर अकराचा आकडा शेजारच्या चांगुणाबाईपर्यंत पोचला होता, आणि चांगुणाबाईकडं गेलेली गोष्ट परत घ्यायची सोय गल्लीत नव्हती.

अशा रीतीनं रुद्राणी प्रवासाला लागली. महिन्यातून एक रविवार. आदल्या दिवशी ती दोन दिवसांचा स्वयंपाक करी, दुधाला विरजण लावी, शिवकांतचे कपडे काढून ठेवी आणि सासूच्या गोळ्या डबीत रचून ठेवी. घरातून चार तास बाहेर पडण्यासाठी बाईला घरात आधी दहा तास जास्तीचे राबावे लागतात, हा हिशेब तिला नवा नव्हता. तो तिनं आनंदानं मान्य केला.

धम्मशीला स्कुटी घेऊन दारात येई. पहिल्या रविवारी मल्लम्मानं तिला वर बोलावलं, बस म्हणाली, आणि चहा आला तो कागदी कपात. भिंतीवर माणसामाणसांत भेद करू नका असं सांगणाऱ्या महात्म्याची तसबीर होती, तिला ताजा हार होता. खाली दुकानात स्टीलच्या कपांची उतरंड छताला टेकली होती. धम्मशीलानं कप हातात फिरवून बघितला आणि अगदी मायेनं विचारलं, "आज दुकान बंद हाय का, मावशी?"

मल्लम्मा दुसरीकडं बघायला लागली. पुढच्या खेपेला रुद्राणीनं चहा आपल्या रोजच्या कपात आणून दिला. मल्लम्मानं तो कप नंतर दोनदा घासायला लावला, पण कागदी कप पुन्हा निघाले नाहीत. तेवढी प्रगती त्या घराच्या मानानं भरपूर होती.

"तुमचं काय व्रत हाय, मास्तरीणबाई?" मल्लम्मानं एकदा तिला विचारलं. "तुमी तर महादेव मानत न्हाई."

"माझं काही व्रत नाही. मी दगड बघायला जाते."

"दगडच बघायचा तर आमच्या मोरीपाशी धुण्याचा हाय की."

"त्याच्यावर कोरलेलं काय हाय?"

"आमच्या तीन पिढ्यांच्या बायांचे हात," मल्लम्मा म्हणाली. धम्मशीलाला हे आवडलं. तिनं ते शाळेत सगळ्यांना सांगितलं.

देवळं सापडत गेली. एकात गावानं कडबा रचला होता, आणि नाचणाऱ्या अप्सरा बघायच्या तर पेंढ्या बाजूला कराव्या लागत. एकात म्हैस बांधली होती, आणि म्हशीनं पाठ घासून घासून एका खांबाला जी झळाळी आणली होती ती कुठल्या पुरातत्त्व खात्याला जमली नसती. एका देवळावर शौचालय वापरण्याचा संदेश रंगवला होता, अगदी गणपतीच्या पोटाखाली. आणि एक देऊळ असं निघालं की ते बघून दोघी उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

त्या देवळाचा गावानं जीर्णोद्धार केला होता. गाभाऱ्याला न्हाणीघरात लावतात त्या गुळगुळीत फरश्या. भिंतीवरच्या सगळ्या बायका ऑइल पेंटनं रंगवलेल्या. तोंडं गुलाबी, ओठ लाल, डोळे मोठ्ठे आणि भेदरलेले. शिवाय उघड्या अंगाची लाज वाटू नये म्हणून गावानं वर्गणी काढून सगळ्यांना एकाच रंगाचे निळे ब्लाउज चढवले होते. एखाद्या बँडपथकासारख्या त्या ओळीनं उभ्या होत्या. खाली पाटीवर देणगीदारांची नावं होती. देवाचं नाव पाटीत मावलं नव्हतं.

"हे मोजायचं का अकरात?" धम्मशीलानं विचारलं.

"मोजलं तर एक कमी होईल," रुद्राणी म्हणाली. आणि त्यांनी ते मोजलं नाही.

मध्ये एकदा परभणीच्या वारसाप्रेमी मंडळींच्या सहलीलाही दोघी जाऊन आल्या. खिशांची जाकिटं घातलेले पंचवीसएक पुरुष, प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. देवळापाशी उतरताच त्यांनी 'चला, वारसा जपू या' असा फलक काढला आणि त्याची दोरी एका दगडी बाईच्या गळ्याला बांधली. मग देवळाकडं पाठ करून फोटो झाला. मग अध्यक्षांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मग अध्यक्षांनी सत्कार करणाऱ्यांचा केला. एका गृहस्थांनी मोबाइलमध्ये बघून देवळाचा इतिहास वाचला, तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या देवळाचा होता, हे धम्मशीलानं सांगितल्यावर त्यांनी चर्चेचं स्वागत केलं आणि वाचन पुढं चालू ठेवलं. निघताना सचिव रुद्राणीजवळ येऊन लाघवीपणे म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी पोह्यांचं तुमच्याकडं. आणि मॅडम, आभारप्रदर्शन तुमच्याकडं."

"पोहे तर मी घरीबी करते," परत येताना रुद्राणी म्हणाली. त्या मंडळींकडं त्या पुन्हा गेल्या नाहीत.

रुद्राणीत फरक पडला तो सगळ्यांना दिसला, पण काय पडला ते कुणाला नेमकं सांगता येईना. ती जास्त बोलायला लागली नव्हती, कमी झोपत नव्हती. फक्त अधूनमधून भाजी चिरता चिरता तिचा हात थांबे आणि ती खिडकीतून समोरच्या पतसंस्थेच्या भिंतीकडं बघत राही. थोडा ताठाही आला होता, हेही खरं. चांगुणाबाई एकदा हौसेनं म्हणाली, "आमच्या माहेरचं देऊळबी हेमाडपंती हाय," तर रुद्राणीनं विचारलं, "चुना हाय का सांध्यात?" चुना होता. "मग न्हाई," रुद्राणी म्हणाली आणि दळण उचलून चालती झाली. चांगुणाबाईनं गल्लीत सांगितलं की व्रतानं रुद्राणीच्या अंगात काहीतरी यायला लागलंय.

गल्लीनं त्याचा आपल्या सोयीचा अर्थ घेतला. कुणाच्या लेकीचं लग्न जुळलं, कुणाचा लेक पोलीसभरतीत लागला, ते रुद्राणीच्या व्रताच्या खाती जमा झालं. बायका तिच्या पाया पडायला लागल्या. मल्लम्मा ओट्यावर खुर्ची टाकून बसायला लागली, म्हणजे पाया पडून झालेल्या बायकांना तिच्याही पडता यावं. आणि शिवकांत, ज्यानं शौक म्हणून हे बंद पाडलं होतं, तो गिऱ्हाइकाला सांगायला लागला, "आमच्या घरातून लय कडक व्रत चालू हाय." गिऱ्हाईक भाव कमी करायचं बोलेना झालं.

दहा झाले तेव्हा शिवकांतनं उद्यापनाचा बेत हातात घेतला. व्रताचा शेवट थाटात झाला पाहिजे. अकरा जंगमांना जेवण, प्रत्येकाला तांब्या. त्यानं दुकानातलं नाव कोरायचं मशीन काढून तांब्यांवर नावं कोरायलाही सुरुवात केली. 'शिवकांत यांच्या सौभाग्यवतीच्या व्रतोद्यापनानिमित्त.' सौभाग्यवतीचं नाव लिहायला जागा होती, पण तिथं त्यानं दुकानाचा फोन नंबर घातला.

"आन् अकराव्या देवळाला आपल्याकडून रंग," तो म्हणाला. "गाभाऱ्याला फरश्या. आपल्या मोरीच्या उरल्यात त्या. वर पाटी. मी देऊळबी बघून ठेवलंय, गंगाखेड रस्त्याला लागून हाय. येणाऱ्या जाणाऱ्या बसमधून पाटी दिसती."

रुद्राणीच्या हातातलं लाटणं थांबलं. ते देऊळ तिला माहीत होतं. धम्मशीलानं दाखवलं होतं, आणि तिनं मुद्दाम मोजलं नव्हतं. चांगल्या साडीची घडी मोडू नये तसं ते तिनं ठेवलं होतं.

"आन् मग?" तिनं विचारलं.

"मग काय? व्रत संपलं. मोकळी झालीस तू."

मोकळी झालीस म्हणजे रविवारी घरी. हे त्याला सांगावं लागलं नाही आणि तिला विचारावं लागलं नाही.

ती दिवस ढकलत राहिली. आधी पाऊस झाला म्हणून चिखल होता. मग पितृपक्ष आला. मग तिचा पाय मुरगळला, म्हणजे तिनं तो मुरगळला असं सांगितलं. धम्मशीला म्हणाली, "खरं सांगून टाका. मला जायचंय म्हणून सांगा."

"सांगितलं की ते विचारतील, कशाला."

"मग?"

"मग मला सांगता यायचं न्हाई. तुमाला येतं का?"

धम्मशीलानं विचार केला. "मला कुणी विचारत न्हाई," ती म्हणाली. "नवरा होता तवा विचारायचा. मी सांगायचे, कशालाच न्हाई. त्याला ते कळायचं. पर तो वेगळा होता."

शेवटी मल्लम्मानं निकाल दिला. "अर्धं व्रत घरात ठेवू न्हाई. म्हैस अर्धी पिळून सोडल्यागत हाय ते. ह्या रविवारी जायचं. आन् उद्यापनाला मी येणार."

हे कुणी धरलेलं नव्हतं. मल्लम्मा दवाखाना सोडून कुठं गेल्याला इतका काळ लोटला होता की तिच्या चपलांच्या जोडाला अंगठ्याशी जाळं धरलं होतं. पण सांगणार कोण? क्रूझर ठरली. चांगुणाबाई आणि गल्लीतल्या बायकांनी मागची दोन बाकं भरली. "मास्तरीणीला घ्या," मल्लम्मा म्हणाली, "तिला वाटा ठाऊक हायेत." ती स्वतः पुढं, ड्रायव्हरशेजारी, खिडकीपाशी बसली. शिवकांत फरश्या, रंगाचे डबे आणि पेंटरला घेऊन टेम्पोनं मागून निघाला.

गाव सुटलं तशी मागं बायकांनी भजन धरलं. मल्लम्मा टाळ्या वाजवेना. ती बाहेर बघत होती. कापूस फुटलेली रानं गेली, एका शाळेपुढं कवायत चालली होती ती गेली, कालवा आला. "इथं कालवा कवा झाला?" तिनं ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, त्याच्या जन्माआधी. एका फाट्यावर मिरचीभजी तळायली होती. मल्लम्मानं गाडी थांबवायला लावली. पहिली प्लेट तिनं प्रसादासारखी खाल्ली. दुसरी मागवली ती तशी खाल्ली नाही. "घरी असली का होत न्हाईत गं?" तिनं रुद्राणीला विचारलं, आणि व्रताच्या उपासानं उपाशी असलेली रुद्राणी म्हणाली, "घरी वारं नसतं, आत्याबाई."

देऊळ खोलगट जागेत होतं. दगडी पायऱ्या उतरून जावं लागे, आणि पायऱ्या जुन्या, एकेक हातभर उंच. मल्लम्मा वर उभी राहून त्यांच्याकडं बघत राहिली. धम्मशीलानं हात पुढं केला. मल्लम्मानं क्षणभर त्या हाताकडं बघितलं, मग गुडघ्याकडं, आणि तो घट्ट धरला. खाली पोचल्यावरही तिनं तो सोडला नाही. देवळाला पूर्ण फेरी घातली तरी सोडला नाही.

मागच्या भिंतीशी ती थांबली. तिथं रुद्राणीची ठेवणीतली बाई होती. एका पायावर उभी, दुसरा पाय गुडघ्यात वाकवून वर घेतलेला, आणि खाली एक ठेंगणी दासी तिच्या तळव्यातला काटा काढतेय. दासीच्या डोक्यावर बाईनं हाताचा भार टाकलाय, जसा आपण कट्ट्यावर टाकतो.

"हिचाबी गुडघा धरलाय का काय?" मल्लम्मा म्हणाली.

"काटा रुतलाय," धम्मशीला म्हणाली. "ती दुसरी काढायलीय."

मल्लम्मा समोरच्या दगडावर टेकली. "काटा काढायला येगळं माणूस ठिवलंय," ती म्हणाली. "हिला सासू नसंल."

रुद्राणीला हसू फुटलं. ते आवरायला तिनं पदर तोंडात धरला, तर मल्लम्माही हसायलेली. सासूचे पुढचे दात पडलेत हे रुद्राणीला रोज गोळ्या देताना दिसे, पण त्या फटीतून हसू येताना तिनं बघितलं नव्हतं.

तेवढ्यात टेम्पो आला. शिवकांतनं फरश्यांची खोकी उतरवली. पेंटर डबा आणि ब्रश घेऊन भिंतीशी आला, बाईकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "साडी कुठल्या रंगाची घेऊ, शेठ?"

"रंग नको," रुद्राणी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. नवऱ्याच्या बोलण्यावर चार माणसांत ती पहिल्यांदाच काही म्हणाली होती.

"कामून नको?" शिवकांत म्हणाला. "किती कोरं दिसायलंय ते. जरा उठाव येईल. पाटीबी उठून दिसंल."

"दगडाचंच बरं हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं? उघड डबा," तो पेंटरला म्हणाला. पेंटरनं खिळ्यानं झाकण उचकटलं. आत गुलाबी होता. रुद्राणीनं धम्मशीलाकडं पाहिलं. धम्मशीला बोलली असती, पण तिच्या बोलण्यानं इथं उलट दोन डबे जास्त उघडले असते हे दोघींनाही ठाऊक होतं.

"रुद्राणे," मल्लम्मा दगडावरून म्हणाली. "आजचं झालं की संपलं का गं?"

"हो आत्याबाई. हे अकरावं."

"मग पुढल्या महिन्यात?"

"पुढल्या महिन्यात काय न्हाई."

मल्लम्मा भिंतीकडं बघत बसली. मग धम्मशीलाचा हात मागून घेऊन उठली आणि चालत देवळाच्या तोंडाशी गेली. तिथं नंदी होता. ती नंदीच्या मागं उभी राहिली, गुडघ्यांना झेपेल तेवढी वाकली, एक डोळा मिटला आणि नंदीच्या शिंगांमधून गाभाऱ्याकडं बघितलं.

"शिवकांत," ती म्हणाली. "ह्या नंदीचं तोंड कुठं हाय?"

"महादेवाकडं हाय की, अव्वा."

"न्हाई. बाजूला हाय."

शिवकांत येऊन वाकला. "अगं सरळ हाय. सुतात हाय."

"तुला तांब्याचं बूड सरळ हाय का तेवढंच कळतंय. नंदीचं तोंड फिरलेलं म्हंजे दर्शन अपुरं. हे धरायचं न्हाई."

"असं कुठं असतंय का?"

"आमच्या माहेरी असतंय," मल्लम्मा म्हणाली. तिच्या माहेरचं आता कुणी हयात नव्हतं, त्यामुळं विचारायची सोय उरली नव्हती. "मास्तरीणबाई, तुमी शिकलेल्या. तुमी बघा."

धम्मशीला वाकली. तिनं वर्गात पट्टी धरतात तसा हात डोळ्यांपुढं धरून माप घेतलं. "डावीकडं हाय," ती गंभीरपणे म्हणाली. "चार बोटं तरी."

"मला तर आल्या आल्या दिसलं होतं," चांगुणाबाई म्हणाली. मग मागच्या दोन बाकांवरच्या सगळ्यांनाच ते आल्या आल्या दिसलेलं निघालं.

"आन् तांबे?" शिवकांत म्हणाला. "कोरून ठेवलेत मी."

"तांबे काय नासतेत का? आन् जे दर्शन धरलंच न्हाई त्या देवाला रंग कशापायी? झाक तो डबा." मल्लम्मानं श्वास घेतला. "मागली दहाबी बघाया लागतेल आता. रुद्राणीला नंदीतलं काय कळतंय? तिनं वाकडेतिकडे समदे मोजले असतेल. सोबत जाणतं माणूस पायजे."

रुद्राणीच्या डोळ्यांपुढून स्कुटीची मागची सीट गेली. कानात भरणारं वारं, देवळामागची सावली, जिथं कुणी काही विचारत नव्हतं ते चार तास. त्या चार तासांत आता मल्लम्मा, तिच्या गोळ्या, तिची भजी, आणि डाळ भिजत घातलीस का हा प्रश्न. मागून चांगुणाबाई.

"तू बोल की गं," मल्लम्मा म्हणाली. "व्रत तुझं हाय. नंदी सरळ हाय म्हण, आत्ता उद्यापन करून मोकळी हो. मी आडवी येत न्हाई."

शिवकांत आशेनं बायकोकडं बघायला लागला. पेंटरनं डबा झाकायचा हात थांबवला.

रुद्राणी पुढं आली आणि नंदीमागं वाकली. नंदीनं नजर सरळ गाभाऱ्यात लावलेली होती. दोरी ताणून बसवावा तसा तो बसला होता, शिंगांच्या बरोबर मध्यावर महादेव, केसाचाही फरक नाही. ज्यानं तो बसवला त्याचा हात धरून पाया पडावं असा. ती वाकलेलीच राहिली. शेजारी सासूचा श्वास ऐकू येत होता, मिरचीभज्यांच्या वासाचा.

"वाकडं हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "लय वाकडं हाय."

मल्लम्मानं मान हलवली, जशी ती दुधाच्या हिशेबावर हलवी, आणि पायऱ्यांकडं वळली. वर गाडीपाशी तिचा आवाज आला. ती ड्रायव्हरला विचारत होती, इकडं आणखी कुठं कुठं पडके महादेव हायेत, आणि रस्त्यात भज्याचं दुकान कुठल्याला लागतं.